तुळसक्काची बोटं

तुळसक्काशी माझी ओळख झाली ती ब्लाउजच्या बाहीवरून.

म्हैसूरच्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले, त्याचा तो पहिला दिवस. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, पण शाळेच्या पाटीवर अजून जुनंच नाव होतं. मी टीचर्स रूममध्ये एका कडेला अंग चोरून बसले होते. चाळिशीची, ठेंगणी, पान खाऊन ओठ लाल झालेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाव नाही, गाव नाही. तिनं सरळ माझी बाही दोन बोटांत धरली आणि चक्क मराठीत विचारलं, "ही बाही कुणी लावली गं?"

"शिंप्यानं," मी म्हणाले.

"शिंपी नव्हे तो. उजवी डावीकडं लावलीये. हात वर कर बघू. जातो काय वर? नै जात. कसा जाईल? भूगोल शिकवणार ना तू? मत्ते, मग नकाशात काश्मीर कसं दाखवणार?"

मधल्या सुट्टीत तिनं मला शिवणाच्या खोलीत नेलं, अंगाभोवती पदर गुंडाळून बसवलं, दोन्ही बाह्या उसवल्या आणि हातशिलाईनं पुन्हा लावल्या. घंटा व्हायच्या आत मी वर्गात होते. तो ब्लाउज पुढं विरून फाटला, पण बाही कधी ओढली नाही.

ती शाळेची शिवण टीचर. नाव तुळसाबाई, पण सगळे तुळसक्का म्हणत. तिचे लोक शिंपी, विठ्ठलाचे भक्त, म्हैसुरात किती पिढ्यांपासून आहेत हे त्यांनाही सांगता येत नसे. आमचं घर देशस्थांचं, आम्हीही तसेच जुने. दोघींच्या घरी मराठी बोलत, आणि दोघींच्या मराठीत निम्मी कानडी. माझी कानडी वाक्याच्या शेवटी यायची, तिची कुठंही. मुली तिला पाठीमागे 'बिच्चु टीचर' म्हणत. बिच्चु म्हणजे कानडीत 'उसव'. टाका वाकडा दिसला की ती ओरडायची नाही, रागवायची नाही, नुसतं म्हणायची, "बिच्चु." मुलगी रडवेली झाली की शेजारी बसून स्वतः उसवायला मदत करायची. तो शब्द तिच्या तोंडात इतका बसला होता की एकदा हेडमिस्ट्रेसनी नवं टाइमटेबल वाचून दाखवलं, त्यात शिवणाचा तास सातवीच्या गणिताच्या तासावर आला होता, तेव्हा तुळसक्का भर मीटिंगमध्ये म्हणाली, "मेडम, हे बिच्चा." हेडमिस्ट्रेस स्वतः हसल्या, आणि टाइमटेबल खरंच बदललं.

तिचा एक खेळ होता. ती डोळे मिटून बसायची आणि आम्ही तिच्या हातात कुणाचाही पदर, रुमाल, छत्रीचं टोक द्यायचो. अंगठा आणि पहिली दोन बोटं, एवढ्यात ती कापड चोळून सांगायची, गिरणीचं की हातमागाचं, किती वेळा धुतलंय, खळ भाताची की साबुदाण्याची. एकदा आमच्या गणिताच्या टीचरनी लग्नातली म्हणून रेशमी साडी मिरवली होती. तुळसक्कानं पदर चोळला, डोळे उघडले आणि म्हणाली, "छान आहे हं रंग." नंतर मला म्हणाली, "अर्धं रेशीम आहे. पण तिला सांगायचं कशाला, सुम्ने, उगीच? तिच्या आईनं दिलीये."

तिचे यजमान व्यंकोबाराव मंडी मोहल्ल्यात कोट-पँट शिवायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागंच दोन खोल्यांचं घर, गल्लीत, उन्हाचा कवडसाही न येणारं. व्यंकोबाराव फार कमी बोलत. मी गेले की मशीन थांबवत, मान हलवत, पुन्हा मशीन सुरू करत. तुळसक्का म्हणायची, "दोघांचं बोलणं मीच करते, त्यांचा वेळ वाचतो."

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या थंडीत मला प्रथम कळलं की तिच्या हातांना काहीतरी होतंय. म्हैसूरची थंडी ती काय, सकाळी एक स्वेटर लागतो इतकीच. पण नळाखाली डबा धुऊन ती आत आली तेव्हा तिची बोटं पांढरीफटक होती, मेणाची केल्यासारखी. बघता बघता ती निळी झाली, मग लाल. ती ओठ घट्ट मिटून उभी होती. मी घाबरले, तर म्हणाली, "चार वर्षं झाली हे. थंडी सोसत नै बोटांना. कॉफी दे." पितळी पेला दोन्ही तळव्यांत धरून ती बराच वेळ बसली. प्यायली नाहीच, नुसती धरून बसली.

त्यानंतर मी बघत राहिले. तिच्या बोटांची कातडी ताणल्यासारखी चकाकायला लागली होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान तिनं सोडलं होतं, दुखतं म्हणून. बोटांच्या टोकांना आत बारीक खडे लागायचे. आधी नाचणीच्या दाण्याएवढे, मग तुरीच्या डाळीएवढे, कातडीखालून पांढरे दिसणारे. सुई दाबली की त्या खड्यावर दाब यायचा आणि ती श्वास आत ओढायची. एक दिवस मुलीनं आणलेलं कापड तिनं बोटांत न चोळता गालाला लावलं. मी बघतेय हे तिला दिसलं. "गालालासुद्धा कळतं," ती म्हणाली आणि दुसरीकडं वळली.

पुढं त्यातला एक खडा आपणहून फुटला. आतून पांढरं, दाट काहीतरी आलं, पानाला लावायच्या चुन्यासारखं. कुणीतरी तिला सांगितलं की एवढी वर्षं पान खाल्लं, तोच चुना अंगात भिनलाय. तिनं पान सोडलं. तिसावं वर्ष लागायच्या आधीपासूनची सवय एका दिवसात सोडली. मग कुणी म्हणालं, दुधातही तेच असतं, नाचणीतही. तिनं दूध सोडलं, दही सोडलं, नाचणीची मुद्दे, तो उकडलेला गोळा, तीही सोडली. म्हैसुरातली बाई आणि कॉफी बिनदुधाची! वर्षभर ती तो काळा काढा प्यायली. खडे वाढतच राहिले.

त्या पावसाळ्यात शाळेत इन्स्पेक्शन होतं. शिवणाच्या खोलीत मुलींचं काम मांडलं होतं. तुळसक्का एका टेबलक्लॉथची घडी सरळ करत होती. निळं कापड होतं ते. इन्स्पेक्टर बाई आणि दोन पालक बघत असतानाच तिच्या तर्जनीतून ते पांढरं कापडावर उतरलं, थोडं रक्तही. तिनं हात मागं घेतला. इन्स्पेक्टर बाईंनी पुढचं टेबल बघितलं. पण त्या दोन पालकांपैकी एकीनं बोटं नीट बघितली होती, ताणलेली, टोकाला जखमा, थोडी आत वळलेली. आठवड्याच्या आत शाळेत पत्र आलं. त्यात तो शब्द होता. कानडीत कुष्ठ म्हणतात, मराठीतही तेच.

हेडमिस्ट्रेस वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तुळसक्काला बोलावून सांगितलं, "मी विश्वास ठेवत नाही. पण मुलींच्या आया गेटवर येऊन उभ्या राहिल्यात. काही दिवस तुम्ही स्टोअर बघा. वर्ग नको."

स्टोअर म्हणजे मागची खोली, मोडकी बाकं, नकाशांच्या गुंडाळ्या. तिथं ती दिवसभर बसायची.

आता मला माझं सांगायला हवं. आम्ही दोघी रोज एकत्र जेवायचो. ती चित्रान्न आणायची आणि झाकणावर माझ्यासाठी आधी काढायची. पत्र आल्यानंतरच्या सोमवारी ती झाकण पुढं करून बसली होती, आणि मी म्हणाले, "आज माझा उपास आहे." मंगळवारीही म्हणाले. त्या आठवड्यात मी पाच उपास केले. पुढच्या आठवड्यापासून मी डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लागले आणि लायब्ररीत जाऊन एकटी जेवायला लागले. मी शिकलेली होते. वाचणारी होते. भूगोलाबरोबर आरोग्यशास्त्राचा तासही माझ्याकडं होता.

शाळेतलं तिनं सोसलं. देवळातलं तिला सोसलं नाही.

त्यांच्या समाजाचं विठ्ठलाचं देऊळ होतं. दर कार्तिकी एकादशीला देवाला नवा पोशाख होई, आणि तो वीस वर्षं तुळसक्का शिवत होती. विठ्ठलाचा अंगरखा, रुक्मिणीची चोळी, काठाला हातानं घातलेली वेल. त्या कार्तिकीला देवळातल्या वडीलधाऱ्यांनी कापड दुसऱ्या घरी पाठवलं. तिला कुणी सांगितलंही नाही. ती दर्शनाला गेली तेव्हा तिला देवाच्या अंगावर दुसऱ्याचे टाके दिसले. मला हे तिनं नंतर सांगितलं. म्हणाली, "रुक्मिणीची चोळी काखेत ओढत होती, कुसुमा. एवढंच दिसत होतं मला. नमस्कार करायचा राहिला."

मग देवळातल्याच बायका म्हणाल्या, नरसीपूरला जा. टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला मिळतात, तिथं माघात पहाटे संगमात बुडी मारली की कातडीचे रोग जातात, मग पुढच्या कार्तिकीला पोशाख तूच कर. तुळसक्काचा त्यावर विश्वास नव्हता. पण 'पोशाख तूच कर' हे शब्द तिनं ऐकले होते. व्यंकोबाराव तिला घेऊन गेले. उजाडायच्या सुमाराला ती पाण्यात उतरली, तीन बुड्या मारल्या. बाहेर आली तेव्हा दहाही बोटं निळी झाली होती. दोन तास झाले, ऊन आलं, व्यंकोबारावांनी आपल्या काखेत तिचे हात धरून ठेवले, तरी उजव्या हाताचं मधलं बोट निळंच राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं टोक काळं पडायला लागलं.

त्याच दिवशी व्यंकोबाराव शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदा. गेटवर मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला इंग्लिश येतं. डॉक्टरांकडं चला." एवढंच. मी उपास कसले करत होते हे त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. मी गेले.

सरकारी इस्पितळातले कातडीचे डॉक्टर तरुण होते, जाड चष्म्याचे. तुळसक्का हात पदराखाली घेऊन बसली. त्यांनी हात मागितला. तिनं पुढं केला, पण टेबलापासून थोडा वर, त्यांना न लागेल असा. डॉक्टरांनी तो सरळ आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातमोजे नाहीत, काही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. सहा महिन्यांत नवऱ्याशिवाय तिला कुणी हात लावला नव्हता.

त्यांनी कापसानं बोटांना स्पर्श केला, टाचणीनं टोचलं. "कळतंय?"

"कळतंय की. फार कळतंय," तुळसक्का म्हणाली.

कोपराजवळची शीर दाबून बघितली, कानाच्या पाळीतून कातडीचा अंश तपासायला घेतला, हातांचा एक्स-रे काढायला पाठवलं. आठवड्यानं आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला. बोटांच्या हाडांच्या टोकांभोवती पांढरे ठिपके होते, मीठ सांडल्यासारखे.

"कुष्ठरोग नाही," ते कानडीत म्हणाले. "कुष्ठात स्पर्श कळत नाही. यांना सगळं कळतंय. पाळीच्या तपासणीतही काही नाही. यांची कातडी आतून कडक होत चाललीये, बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून थंडीत बोटं पांढरी पडतात. आणि अशा आजारी कातडीत कॅल्शियम साचतं. हे त्याचे खडे. कुणाला लागत नाही हे. नवऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही, कुणालाच नाही."

"पानातल्या चुन्यानं झालं काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"दुधानं?"

"नाही हो. तुमच्या रक्तातलं कॅल्शियम अगदी बरोबर आहे. दूध प्या."

तुळसक्का मला मराठीत म्हणाली, "एक वर्ष कॉफी वाया घालवली बघ," आणि हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. डॉक्टरांनी तिला रडू दिलं.

बरं होतं का, हे विचारायचं माझ्या वाट्याला आलं. डॉक्टर खरं बोलले. म्हणाले, "मुळापासून घालवायचं औषध आमच्याकडं नाही. रक्तवाहिन्या सैल करायच्या गोळ्या देतो. हात गरम ठेवायचे, गार पाण्यात घालायचेच नाहीत. जखम चिघळली तर लगेच यायचं. मोठे खडे, जे दुखतात, ते सर्जन कापून काढू शकतील. पण परत येऊ शकतात, आणि रक्त कमी पोचतं म्हणून जखम भरायला फार वेळ लागेल. कदाचित भरणारही नाही."

"सुई धरता येईल?" तुळसक्कानं विचारलं.

"काही काळ."

"चालेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. तो घेऊन ती शाळेत गेली, एक्स-रेही नेला. टीचर्स रूमच्या खिडकीला तिनं तो धरला आणि सगळ्यांना दाखवला. हेडमिस्ट्रेसनी दाखला दोनदा वाचला. म्हणाल्या, "मला माहीतच होतं. पण पालकांना..."

"मेडम," तुळसक्का म्हणाली, "पालकांना मी सांगते. गेटवर उभी राहून सांगते. वर्ग द्या."

आणि ती खरंच उभी राहिली. तीन दिवस, शाळा सुटायच्या वेळी, हातात दाखला घेऊन. काही आयांनी वाचला. काहीजणी मुलीचा हात धरून दुसऱ्या बाजूनं निघून गेल्या. जूनमध्ये तिला वर्ग मिळाला.

त्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. थंडीत जखम भरायची नाही म्हणून सर्जननी मुद्दाम तो काळ धरला. अंगठ्यातला एक आणि तर्जनीतले दोन मोठे खडे काढले. अंगठ्याच्या कडेचा एक ठेवला, तो काढला असता तर अंगठ्याचं रक्तच तुटलं असतं. मधल्या बोटाचं काळं झालेलं टोक मात्र गेलं. तिनं हट्ट धरून काढलेलं सगळं बघायला मागितलं. ट्रेमध्ये चमचाभर पांढरं होतं, थोडं पिठासारखं, थोडं रव्यासारखं. "एवढंसंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी एवढा गोंधळ?"

दोन्ही हात पट्ट्यांत होते. व्यंकोबाराव दुकान उघडायला जात तेवढा वेळ मी बसायची. एका सकाळी मी इडली कुस्करून तिला भरवत होते. दोन घास खाल्ल्यावर ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आज उपास नाही काय तुझा?"

माझा हात तसाच राहिला. मी रडायला लागले.

"रडू नको गं, कणे," ती म्हणाली. "माझी शपथ. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी होती, तिला खराच तो रोग होता. लहानपणापासनं मी तिच्या दारावरनं कधी गेली नै. चक्कर घेऊन जायची. मरेपर्यंत तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी पण तेच केलं की नै?" मग थोड्या वेळानं, "पण वाईट वाटलं हं मला. वाटलं नै असं म्हणणार नै. दे आता, इडली गार होतीये."

तर्जनी दीड महिन्यात भरली. अंगठ्याला अडीच महिने लागले. ती वर्गात परत आली, पण पहिल्यासारखी नाही. मुली आता तिला कापड दाखवताना टेबलावर ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. तिनं एकीलाही काही म्हटलं नाही. लांबून बघून सांगायची. "तिसरा टाका. बिच्चु." शेजारी बसून उसवायला मदत करणं तिनं आपणहून सोडलं. कुणाची आई नको म्हणेल, म्हणून.

पुढच्या कार्तिकीच्या महिनाभर आधी देवळातले एक वडीलधारे कापड घेऊन तिच्या घरी आले. मी तिथंच होते. त्यांनी कापड मशीनवर ठेवलं आणि म्हणाले, "झालं गेलं विसरा. यंदा तुम्हीच करा."

व्यंकोबाराव उठले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "गेल्या वर्षी तिला विचारलं नाहीत. पाण्यात बुडवलंत. बोट गेलं तिचं. आता घेऊन जा हे." आणि कापड उचलून त्यांच्या हातात दिलं. ते गृहस्थ मान खाली घालून निघाले.

तुळसक्का आतून बाहेर आली. "का परत पाठवलंत?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तुझ्यासाठी बोललो."

"माझ्यासाठी बोलायचं तर मला विचारायचं की नै? मला करायचंय." ती अनवाणी गल्लीत धावली. "अण्णा! अण्णा, थांबा! द्या ते." कापड छातीशी धरून परत आली. व्यंकोबाराव तिच्याकडं बघत उभे होते. "रागवू नका," ती त्यांना म्हणाली. "हात आहे तोवर करते. किती दिवस आहे कुणाला माहीत?"

विठ्ठलाचा अंगरखा व्यंकोबारावांनी मशीनवर शिवला, तिनं सांगितलेल्या मापानं. रुक्मिणीची चोळी आणि सगळी वेल तिनं हातानं केली. रोज अर्धा तास, त्यापुढं बोट साथ देत नसे. एकादशीच्या आदल्या दिवशी पोशाख देवळात पोहोचता झाला. त्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्या देवळात गेले. चोळी ओढत नव्हती.

तो एकच पोशाख. त्याच्या पुढच्या कार्तिकीपर्यंत तर्जनीत पुन्हा खडे आले होते, आधीच्याच जागी. सर्जन म्हणाले, आता कापायला नको. गोळ्यांनी थंडीतला त्रास कमी झाला, पण खड्यांना काही झालं नाही. मग कोपरांवर आले, गुडघ्यांवर आले. शाळा तिनं मुदतीआधी सोडली. निरोपाच्या दिवशी ती शिवणाच्या खोलीत गेली, सगळ्या कात्र्यांना तेल दिलं आणि घरी गेली. भाषण करायला थांबली नाही.

नंतर तिचे हात इतके आवळले की ब्लाउजचे हुक तिला लावता येईनात. व्यंकोबाराव लावायचे, रोज सकाळी. हे मला तिनंच सांगितलं, लाजत, पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं. "मी म्हणते नाडीचा शिवा, मी बांधेन दातांनी. तर म्हणतात, नको, हुकच बरे."

मंडी मोहल्ल्यातल्या त्या घरात ओल होती. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, ऊन हवं, ऊब हवी. व्यंकोबारावांनी दुकान बंद केलं आणि बोगादीच्या बाजूला एक बैठं घर भाड्यानं घेतलं. तिकडं तेव्हा मोजकीच घरं होती, मध्ये मोकळी रानं. पुढच्या पडवीत दिवसभर ऊन यायचं. मशीन एकच आणलं, खिडकीशी ठेवलं.

मी रविवारी जायची. दर रविवारी नाही, हे कबूल करते. घर, मुलं, बदल्या. शेवटच्या वर्षात महिन्यातून एकदा. तिला घास उतरत नसे, पातळ पेजच चाले. चार पावलं चालली तरी दम लागे. चेहऱ्याची कातडी ताणून तोंड लहान झालं होतं. मी विचारलं, दुखतं का? तर म्हणाली, "दुखतं. पण कंटाळा जास्त येतो. हाताला काही काम नै, तर दिवस सरत नै."

शेवटची भेटले ती एका जानेवारीतल्या दुपारी. व्यंकोबाराव म्हणाले, तुम्ही आहात तर गोळ्या घेऊन येतो, आणि सायकलनं गेले. तुळसक्का पडवीत पायरीवर बसली होती, उन्हात, शाल पांघरून. म्हणाली, "केस विंचरशील? हे विंचरतात, पण घाबरत घाबरत. वेणी सैल राहते."

मी तिच्या मागं बसले. केस अजून लांब होते, पांढरे झाले होते, आणि मऊ, उन्हानं तापलेले. मी हळूहळू गुंता काढला. ती काहीबाही बोलत होती, समोरच्या रानात मोर येतात म्हणाली, शेजारणीच्या पोरीचं लग्न ठरलं म्हणाली. मग बोलायची थांबली. मी वेणी घातली, तिला आवडायची तशी घट्ट. शेवटाला आले आणि बघते तर बांधायला काही नव्हतं. रिबीन आत कुठं तरी असणार.

"तुळसक्का," मी म्हटलं.

तिला झोप लागली होती. मान थोडी पुढं आलेली, श्वास आखूड पण शांत. रात्र रात्र तिला झोप येत नाही, हे मला व्यंकोबारावांनी दारातच सांगितलं होतं.

उठले असते तर ती जागी झाली असती. सोडली असती तर वेणी सुटली असती. मी वेणीचं टोक मुठीत धरून तिच्या मागं बसून राहिले. ऊन तिच्या खांद्यावरून पायरीवर उतरलं, पायरीवरून अंगणात गेलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. बऱ्याच वेळानं व्यंकोबाराव आले, सायकल भिंतीला लावली, आम्हाला बघून जागच्या जागी थांबले. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, ते रिबीन शोधायला आत गेले.